बिजलीची दुडकी

जावयाला ओवाळायचं ताट सासूनं आधी घोडीपुढं धरलं, ही गोष्ट अकोल्यात व्याह्यांच्या गल्लीत अजून हसून सांगतात.

प्राजक्ताचं लग्न होतं, आणि ते मुलाकडे, अकोल्याला. वरात मंगल कार्यालयाच्या फाटकात येऊन थांबली होती. बँडचा आवाज थेट पोटात जाऊन बसत होता. नवरदेवाचे एक मामा रुमाल दातांत धरून रस्त्यावर लोळत होते. फाटकात ताट घेऊन मुलीची आई उभी होती. सत्यभामाबाई, वय चोपन्न, राहणार वलगाव. अशा वेळी मुलीच्या आईनं जावयाच्या तोंडाकडं बघावं, निदान डोळ्याला पदर तरी लावावा. सत्यभामाबाई घोडीकडं बघत होत्या. पांढरी घोडी, कपाळावर आरशांची पट्टी, पायांत घुंगरू. बघता बघता ताट डाव्या हातात गेलं आणि उजवा हात घोडीच्या मानेवरून उतरत उतरत जरीच्या झुलीखाली शिरला.

“अवो भाऊ,” त्या लगाम धरलेल्या माणसाला म्हणाल्या, “खोगीर लागून राह्यलं हिले. पाठ सोलली, पाहा.”

वरून नवरदेव नम्रपणे म्हणाला, “नाही आई, मी बरा आहे.”

लगाम धरणारे वाहेदभाई. अकोल्यात त्यांच्या वडिलांपासून वरातीच्या घोड्यांचा धंदा. इतक्या वराती झाल्या, पण फेटा बघायचा सोडून खोगिराखाली हात घालणारी सासू त्यांनी पाहिली नव्हती. त्यांनी झूल उचलून बघितलं आणि स्वतःच्या कानाची पाळी पकडली.

“भाभी, तुमचं माहेर कुठलं?”

“पातूर.”

“घरी घोडा होता?”

“घोडी होती,” सत्यभामाबाई म्हणाल्या, आणि ताटातलं कुंकू घोडीच्या कपाळाला लावलं. मग त्यांना जावई आठवला.

मागं गर्दीत उभ्या असलेल्या मुलीच्या वडिलांनी, वामनरावांनी, हे सगळं पाहिलं आणि त्यांना घाम फुटला. मे महिना होता, घाम सगळ्यांनाच फुटला होता. पण वामनरावांचा जुना होता.

सत्यभामाबाईंच्या वडिलांचं शेत पातूरच्या डोंगराच्या पल्याड होतं. मधल्या नाल्याला पाणी आलं की बैलगाडी अडायची, हरणी घोडी अडायची नाही. म्हणून घरी हरणी. बापाची भाकर पोचवायचं काम पोरीकडं आलं आणि पोर हरणीच्या पाठीवर पोतं टाकून, वेणीचा आसूड करत, नाला उडवून जायला लागली. गावातल्या बाया म्हणायच्या, “हिले कोन करन बाप्पा!” करणारे वलगावहून आले. नवरदेव वामनराव. सासऱ्यानं कौतुकानं वरातीला घरचीच घोडी दिली. वरात संध्याकाळची. आणि हरणीची चंदी, म्हणजे भिजवलेल्या हरभऱ्याचं घमेलं, तेही संध्याकाळचंच. वरात गोठ्याच्या गल्लीपाशी आली, हरणीनं एकदा बँडकडं बघितलं, एकदा गल्लीकडं, आणि नवरदेवासकट गोठ्यात गेली. गोठ्याच्या चौकटीला नवरदेवाचं कपाळ लागलं. बाशिंग बाहेर पडलं, नवरदेव आत गेला. लोकांनी जाऊन पाहिलं तर वामनराव घोडीवर ताठ बसलेले, डोळे मिटलेले, आणि घोडी घमेल्यात.

“नवरदेव चंदी खाले गेला!” कोणीतरी म्हणालं. ते वाक्य वऱ्हाडाबरोबर वलगावला आलं आणि तिथंच स्थायिक झालं.

त्यानंतर त्या घरात घोड्याचं नाव निघालं नाही. कोणी मनाई केली होती असं नाही. काढायचं नाही, एवढंच. वर्षाच्या आत वडिलांनी हरणी विकली. म्हणाले, तुह्याबिगर कोणाले पाठीवर घेत नाही. सत्यभामाबाईंनी ऐकलं आणि पोळ्या लाटल्या.

प्राजक्ता अकोल्यात गेल्यापासून मात्र त्यांच्या अकोल्याच्या फेऱ्या वाढल्या. प्रत्येक वेळी पिशवीत लेकीसाठी संत्र्याची बर्फी आणि एका पुडक्यात भिजवलेला हरभरा. लेकीला वाटायचं, उसळीसाठी आणला. तो हरभरा बर्फीच्या आधी वाहेदभाईंच्या तबेल्यात पोचायचा. घोडीचं नाव बिजली. पावसाळा लागला, लग्नं थांबली, तसे वाहेदभाई एके दिवशी म्हणाले, “भाभी, हिले घेऊन जा. हिचंही वय झालं आता, आणि तुमी आल्या का माह्याकडं पाहत नाही ते. सौदा करू. पण तुळशीच्या लग्नापर्यंत पाहा. जमलं तं तुमची. नाही जमलं तं मी गाडी घेऊन येतो, लग्नसराईत मले एक घोडी कमीच पडते.” मग वर छातीवर हात ठेवून हमी दिली, “बँडले बुजत नाही. फटाक्याले बुजत नाही. अंगावर पोरं पडले तरी बुजत नाही.”

सत्यभामाबाई हरखल्या. बुजत नाही म्हटल्यावर घोड्यात आणखी काय बघायचं? इथंच त्यांची चूक झाली, पण ती पुढं कळली.

बिजली वलगावला उतरली तेव्हा वामनराव ओट्यावर पेपर वाचत होते. त्यांनी पेपर थोडा वर धरला.

“कोणाची हाय?”

“आपली.”

पेपर आणखी वर गेला. पेपरामागून आवाज आला, “मी गोठ्याच्या त्या अंगाले येनार नाही. सांगून ठेवतो.”

शेजारच्या माणिकबाई येऊन बिजलीभोवती दोन फेऱ्या मारून गेल्या, अंगावरचे केसांचे भोवरे कुठं कुठं आहेत ते तपासलं, आणि निकाल दिला, “घोडी चांगली हाय. घोडीचं नाही काही. पण तू कोन्त्या लुगड्यात बसशीन वं?”

हा प्रश्न खरा होता. तो वामनरावांचा लेंगा आणि प्राजक्ताचा कॉलेजातला कुर्ता यांनी मिळून सोडवला. सत्यभामाबाई ओट्यावर चढल्या, गुडघ्याला हात लावून देवाचं नाव घेतलं आणि एका दमात खोगिरावर गेल्या. मांड बसली. पाठीचा कणा आपोआप सरळ झाला. इतक्या वर्षांनी अंगण इतकं खाली दिसलं की त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं. मग त्यांनी टाच मारली.

काही झालं नाही.

पुन्हा मारली. बिजलीनं मान वळवून त्यांच्याकडं बघितलं, शेजारणीनं भिंतीवरून ‘काही म्हणालात का?’ विचारावं तसं, आणि पुन्हा समोर बघत उभी राहिली. लगाम ओढला, सैल सोडला, जिभेनं टकटक केलं. गोठ्यातली गाय उठून उभी राहिली, बिजली हलली नाही.

सत्यभामाबाईंनी घोडीवरूनच फोन लावला.

“वाहेदभाई, हे चालत नाही.”

“चालत नाही कशी? समोर कोन हाय?”

“समोर कोणी नाही.”

“मंग कशी चालन, भाभी! तिले वाटत असन वरात अजून निघालीच नाही.”

तेव्हा उलगडा झाला. बिजलीच्या पाठीवर आजवर बसले ते सगळे नवरदेव. एका हातात कट्यार, दुसऱ्या हातात रुमाल, नजर समोर. लगामाला हात लावायची कोणाची ना हिंमत ना गरज. पाठीवरचा माणूस काही सांगू शकतो, हे बिजलीला कधी कोणी कळवलंच नव्हतं. पुढं एक माणूस असतो, तो चालला की चालायचं. तो मागं वळून बघतो, म्हणजे नाचणारे मागं राहिले, तेव्हा थांबायचं. नाव बिजली आणि चाल लोडशेडिंगची.

पंधरा दिवस तरी सत्यभामाबाई रोज सकाळी उभ्या घोडीवर बसत होत्या. रोज लेंगा घालायचा, ओट्यावरून चढायचं, टाच मारायची, थोडा वेळ बसायचं आणि उतरून भाजी चिरायला घ्यायची. वामनराव पेपराच्या कडेनं बघत होते. एके दिवशी पेपर खाली आला. ते उठून घरात गेले आणि बैलगाडीची लांबच लांब दोरी घेऊन आले. एक टोक त्यांनी ओट्यावर ठेवलं आणि दुसरं टोक धरून पार फाटकाशी जाऊन उभे राहिले.

“ते टोक तिले बांध,” ते फाटकातून ओरडले. “मी जवळ येनार नाही.”

“येऊ नका. फक्त मागं पाहू नका. तुमी पाह्यलं का ते थांबते.”

“मले पाहाचंच नाही.”

अशी ही वरात निघाली. पुढं वामनराव, मग बरीचशी दोरी, मग बिजली, वर सत्यभामाबाई. पारावरच्या मंडळींना सकाळी सकाळी एवढं मिळाल्यावर ते कशाला सोडतील?

“वामनराव, बाशिंग घरी राह्यलं काय गा?”

“चंदीचा टाइम झाला वाट्टे!”

वामनरावांचे कान लाल झाले, पण पाय थांबले नाहीत आणि मान वळली नाही. गाव मागं पडलं. दोन्ही बाजूला कपाशी, मध्ये गाडरस्ता. रोजचंच झालं मग ते. तोंडं एकमेकांना दिसत नसली की माणसं बोलायला लागतात. लग्नाला इतकी वर्षं झालेली माणसंसुद्धा.

“काय वं,” वामनराव एकदा समोरच्या बाभळीला म्हणाले, “त्या दिवशी मी गोठ्यात गेलो तवा तू हासली होती काय?”

“नाही.”

“खोटं नको बोलू.”

“हासली होती,” मागून आवाज आला. “माडीवरून दिसलं मले. लय हासली. मंग रडली.”

“रडाले काय झालं? डोकं माह्यं फुटलं होतं.”

“तिले रोज चंदी मीच देत होती. त्या वक्ताले मी गोठ्यात राहते म्हणून ते मले पाहाले गेली होती. घमेलं होतं, मी नव्हती.”

वामनराव बराच वेळ चालत राहिले, नेहमीच्या वळणाच्याही पुढं. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं, ती घोडी वाईट होती.

पण दिवस सरत होते. पुढं माणूस असला की बिजली चालायची; दोरी सुटली की तिथंच खांब. शेतात कापूस फुटला, संत्र्याला रंग आला, तुळशीचं लग्न तोंडावर आलं. सत्यभामाबाईंनी एकदा रात्रीच्या जेवणाला वाढता वाढता सांगून टाकलं, “वाहेदभाईले गाडी घेऊन या म्हटलं मी.”

वामनरावांचा घास हातात राहिला. “काहून?”

“माह्या म्हनन्यानं एक पाऊल टाकत नाही ते माह्यी कशी म्हणू? तिचं मन वरातीतच हाय. मले फक्त एकदा दुडकी पाह्यजे होती. तुमी पुढं चालून दुडकी थोडीच होते.”

“मी पळून पाहू काय?” वामनराव म्हणाले. ते साठीचे होते आणि पोट त्यांच्या आधी जिना चढायचं. सत्यभामाबाई हसल्या आणि त्यांच्या ताटात आणखी भात वाढला.

तुळशीचं लग्न झालं. वाहेदभाई पिकअप गाडी घेऊन दुपारीच आले. त्यांचं चहापाणी होईस्तोवर एक शेवटची फेरी, म्हणून सत्यभामाबाई निघाल्या. पुढं दोरी धरून वामनराव. गावाबाहेर शेताच्या वळणाशी आले आणि मोठ्या रस्त्यावर बँड सुरू झाला. मोसमातली पहिली वरात.

बिजलीचे कान उभे राहिले. सगळ्या अंगातून एक शिरशिरी गेली आणि तिचे पाय जागच्या जागी नाचायला लागले. दोरीला हिसका बसला. वामनरावांनी जे पाहायचं नाही ते पाहिलं, म्हणजे मागं. नाचती घोडी! त्यांच्या हातानं दोरी सोडली. त्याबद्दल त्यांना दोष देऊ नये. हात त्यांचा होता, पण भीती पातूरची होती.

बिजली आता मोकळी होती. नाचत नाचत ती रस्त्याकडं सरकायला लागली. चहाची कपबशी घेऊनच मागोमाग चालत आलेले वाहेदभाई धावले. “भाभी, लगाम खेचा!”

सत्यभामाबाईंनी लगाम खेचला नाही. उलट सैल सोडला आणि वाकून तिच्या मानेवर थोपटलं. “नाच बाई, नाच. पोटभर नाच. कोन अडवून राह्यलं तुले?”

बिजली नाचली. आरसे नव्हते, झूल नव्हती, पाठीवर नवरदेवाऐवजी लेंगा घातलेली बाई होती, तरी गाणं संपेपर्यंत मन लावून नाचली. मग बँडवाल्यांनी दम घ्यायला बाजे खाली ठेवले. या क्षणाला पुढचा माणूस चालायला लागतो, हे बिजलीला पक्कं ठाऊक. तिनं समोर बघितलं. समोर कोणी नव्हतं. दोरी मातीत पडली होती. तिनं कान मागं वळवले, जणू विचारत होती: मग आता कोण सांगणार?

“मी सांगते ना,” सत्यभामाबाई म्हणाल्या, आणि मांड्या आवळून, लगाम बोटभर शेताकडं वळवला.

बिजलीनं एक पाऊल टाकलं. थांबली. दुसरं टाकलं. रस्त्यावर बँड पुन्हा सुरू झाला, तिचा एक कान तिकडं गेला आणि परत आला. कपाशीच्या मधल्या मोकळ्या गाडरस्त्यावर ती आधी चालली, मग जरा भरभर चालली, आणि मग कोणी आत बटण दाबावं तशी दुडक्या चालीनं निघाली. सत्यभामाबाईंचा अंबाडा सुटला.

“या अल्ला,” वाहेदभाई म्हणाले. “हे पळते?”

“तुमची घोडी ना, तुमाले माहीत नाही?” वामनरावांनी विचारलं.

“पळव म्हटलंच नाही तिले कधी कोणी.”

इतके दिवस वामनराव पुढं, ती मागं. मागं पाहायचं नाही. आज पहिल्यांदा ते बायकोला पळत्या घोडीवर बघत होते. बाभळीपाशी ती इवलीशी झाली, वळली, आणि मोठी मोठी होत येऊ लागली. तेवढ्यात काहीतरी आठवून ते लगबगीनं घराकडं निघाले. वाहेदभाई रिकामी गाडी घेऊन जाणार हे उघड होतं, म्हणून संत्र्यांचं क्रेट गाडीत चढवायला माणूस पाठवला. मग त्यांनी भिजवलेल्या हरभऱ्याचं घमेलं काठीनं ढकलत ढकलत गोठ्यात नेऊन ठेवलं आणि पार कोपऱ्यात, गव्हाणीमागं उभे राहिले.

बाभळीपर्यंत आणखी दोन फेऱ्या झाल्यावर फाटकातून टापा आत आल्या. बिजलीला वास आला होता. ती अंगणात थांबली नाही, ओट्याशी थांबली नाही, सरळ गोठ्याकडं वळली, बाईसकट.

घोडेस्वारीतली एकच गोष्ट वामनरावांना साऱ्या वलगावात सगळ्यांहून चांगली ठाऊक होती. ते गव्हाणीमागून जीव खाऊन ओरडले, “मान वाकव! सत्यभामा, चौकट हाय! मान वाकव!”

सत्यभामाबाईंनी मान वाकवली. चौकटीला फक्त सुटलेला अंबाडा घासला. आत अंधारात बिजलीनं घमेल्यात तोंड घातलं आणि हरभरा फोडायचा आवाज सुरू झाला. वर बसलेल्या बाईला दिसलं, गोठ्याच्या या अंगाला कधी येणार नाही म्हणणारा माणूस दोन हातांच्या अंतरावर उभा आहे, डोळे मिटून.

“उघडा,” ती म्हणाली. “लागलं नाही मले.”