मामा यायलेत

वाहन चालविण्याचा परवाना मला एकसष्टाव्या वर्षी मिळाला. त्यामुळे पुण्याहून निघाल्यावर परभणी गाठण्यास दोन दिवस लागले, याचे आश्चर्य फक्त मलाच वाटले नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही पूर्णा गावचा रस्ता धरला.

पत्नी वसुधा शेजारी बसली होती. तिच्या पिशवीत एक विटकी हिरवी झेंडी होती. तिचे वडील, म्हणजे दादा, पूर्णा जंक्शनला गार्ड होते. त्यांचा डबा घेऊन ती लहानपणी रेल्वेच्या दगडी विश्रामगृहावरून जाई, पण ते साहेबलोकांचे. पायरीच्या वर तिला मज्जाव होता. आता त्याच इमारतीची डागडुजी होऊन तेथे हॉटेल झाले होते. वरच्या सज्जातून पाचची पॅसेंजर जाताना पाहायची, एवढीच तिची इच्छा. दुसऱ्या दिवशी सकाळीच परतायचे होते.

ताडकळसला आठवडी बाजार होता. भाजीच्या पाट्यांमधून मी अदबीने वाट काढत असता एक मोटारसायकलवाला खिडकीशी वाकला.

“काका, गाडी चालवायलात का ढकलायलात?”

त्यातली ‘लात’ तेवढी मला कळली. वसुधा पदरात तोंड लपवून हसत राहिली. अर्थ विचारण्याचा मला धीर झाला नाही.

चार वाजता हॉटेल दिसले. जाड दगडी भिंती, कौलारू छप्पर, दारावर पितळी आकडे. वसुधा पायरीशीच थांबली.

“खोली ताब्यात आली की मगच चढेन. बोलायचं तुम्ही.”

मी आत गेलो. काउंटरवरच्या बाई अगत्याने म्हणाल्या, “बसा की काका. खोली पुसायलेत.”

पुसायला लेट! जंक्शनच ते, मी समजून घेतले.

“चहा?”

“करायलेत.”

“आणि सज्जाची चावी?”

“मामांकडं हाय. मामा यायलेत.”

तिन्ही गोष्टींना उशीर. किती, हे विचारणे मला उद्धटपणाचे वाटले. “काही घाई नाही,” असे म्हणून मी बाहेर आलो आणि वसुधाला सांगितले, “सगळेच लेट आहे.” रेल्वेवाल्याच्या मुलीला त्यात नवल वाटले नाही.

आम्ही स्टेशनबाहेरच्या टपरीवर गेलो.

“सुशीला गरम हाय,” टपरीवाला म्हणाला. मी संकोचून खाली पाहिले. वसुधाने दोन बशा मागवल्या. सुशीला (भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा फोडणीचा पदार्थ) फारच चविष्ट निघाली.

पाचला पाच कमी असताना परतलो, तर एक वृद्ध गृहस्थ चावी घेऊन पायरीवर बसले होते. शेजारी साय धरलेले दोन कप.

“अवो, कवापासून वाट बघायलोय! कुठं गेलते?”

वसुधा माझ्याकडे वळली. “त्या बाई नेमकं काय म्हणाल्या होत्या?”

“मामा यायला लेट.”

“यायलेत!” तिने कपाळावर हात मारला. “येत आहेत, अहो! येत आहेत!”

तेवढ्यात शिट्टी झाली. जी पायरी ती मानाने चढणार होती, ती तिने पदर खोचून पळत ओलांडली. मामा पुढे, मी मागे. कुलूप अडले, निघाले. इंजिन केव्हाच पुढे गेले होते. डबे सरकत होते. वसुधाने झेंडी झटकन उघडली. शेवटच्या डब्यातल्या गार्डने चमकून वर पाहिले आणि क्षणभराने आपलीही हिरवी झेंडी हलवली.

“बाई, आता गाडी थांबायची न्हाई बरं,” मामा म्हणाले.

“थांबवायची कुणाला हाय, मामा? आमचे दादा असेच जायचे हितून.”

लग्नाला चौतीस वर्षे झाली. तिची ही बोली मी प्रथमच ऐकत होतो. पुण्यात आमच्यासाठी तिने ती कधी घडी घालून ठेवली, हे मी कधी विचारलेच नव्हते.

आम्ही घरी परतलो. काल मुलीचा फोन आला तेव्हा मी या मजकुराशी झटत होतो. स्वयंपाकघरातून वसुधाचा आवाज आला, “तुझे बाबा ना? लिहायलेत.”

आयुष्यातले हे माझे पहिले प्रवासवर्णन. तिला कोणता अर्थ अभिप्रेत होता, हे मी विचारले नाही. दोन्ही खरेच आहेत.