शौलाचा कैवार

धोंडिराम कापड गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचा मुकादम होता. विणायच्या साच्यांच्या खडखडाटातही त्याची हाक खात्याच्या पार टोकाला जायची. गिरणीच्या चाळींमागचं आमचं ख्रिस्ती मंदिर त्याच्याच जिवावर चालायचं. बहात्तरच्या दुष्काळात मंडळीतल्या, म्हणजे तिथं उपासनेला जमणाऱ्या घरांना त्यानं खडी फोडायची कामं मिळवून दिली, आजाऱ्यांना स्वतः दवाखान्यात नेलं. मंदिराचे धर्मगुरू, म्हातारे पाळक, थकले तेव्हा पुढचा पाळक हाच, असं सगळे धरून चालले होते. तोही.

मंडळीतल्या जाणत्यांच्या वडीलवर्गानं प्रार्थना केली आणि नाव काढलं ते वैरागच्या सिद्रामचं. सिद्राम हडकुळा होता, बोलताना अडखळायचा.

"देवानं निवडलंय," म्हातारे पाळक म्हणाले.

"कवा? मीबी तितंच बसलो व्हतो की. मला न्हाय ऐकू आलं."

नव्या पाळकाच्या अभिषेकाच्या रविवारी म्हाताऱ्या पाळकांनी तेलाची वाटी मुद्दाम धोंडिरामच्या हातात दिली. त्याचं मन निवळेल असं त्यांना वाटलं असावं. सिद्राम गुडघे टेकून बसला आणि धोंडिराम भर मंडळीत बोलला, "हे कोपऱ्यावरल्या दुकानातलं गोडंतेल हाय. मीच आणलंय. ह्यानं देव उतरतो व्हय?"

कुणी हसलं नाही. पाळकांनी त्याच्या हातातून वाटी काढून घेतली. "तेलात काही नसतं, धोंडिराम. ज्याच्या डोक्यावर ते पडतं, तो यापुढं स्वतःचा राहत नाही. एवढाच त्याचा अर्थ." आणि त्यांनी सिद्रामच्या डोक्यावर तेल ओतलं.

त्यानंतर धोंडिराम मंदिरात यायचा तो भांडायलाच. मागच्या बाकावर हाताची घडी घालून बसायचा. सिद्राम अडखळला की मोठ्यानं खाकरायचा. त्याला नावानं हाक न मारता 'ए वैराग' म्हणायचा. बायको केसरबाईनं एकदा सिद्रामच्या घरी कालवण पाठवलं, तर यानं वाटेतच डबा घेऊन गटारीत उपडा केला.

पुढं एका रविवारी सिद्रामनं शौल राजाची गोष्ट प्रवचनाला घेतली. शौलाचाही अभिषेक झाला होता, पण त्यानं देवाची आज्ञा मोडली, म्हणून पुढं देवानं त्याला टाकलं आणि दावीद नावाच्या पोराला निवडलं. धोंडिराम ताडकन उठला.

"शौलानं राज्य मागितलं व्हतं का? बापाची गाढवं हुडकत फिरत व्हता बिचारा! धरून राजा केला, मग दिला फेकून. दाविदानं दुसऱ्याची बायको घेतली, तिचा नवरा मारवला, तरी त्यो राजाच. ह्यो कसला न्याय? सांग की!"

सिद्रामनं पुढ्यातलं बायबल मिटलं. मग म्हणाला, "सगळं मलाही कळत नाही, काका. पण चूक दाखवली तेव्हा दावीद रडला. शौल म्हणाला, लोकांपुढं माझा मान राखा."

"म्हंजे मी शौल?"

"मी तुमचं नाव घेतलं नाही."

"घेतलंस! समद्यांनी ऐकलं!" धोंडिराम बाक ढकलून बाहेर पडला. केसरबाई जागची हलली नाही. ते त्याला जास्त लागलं. घरी त्यानं तिच्याशी कितीतरी दिवस बोलणं टाकलं.

गिरणीतून निवृत्त झाल्यावर दोघं मोडनिंबला लेकीकडं राहायला निघाली. एसटी स्टँडवर सिद्राम आला आणि त्यानं ट्रंकेला हात घातला.

"सोड," धोंडिराम म्हणाला. "माजं वझं मला उचलतंय."

दम लागेपर्यंत झगडून त्यानं ट्रंक टपावर चढवली आणि पलीकडच्या खिडकीशी जाऊन बसला. केसरबाईनं सिद्रामचा हात दोन्ही हातांत धरला. "मनात ठिवू नगा," एवढंच तिला बोलता आलं.

नाताळात ती एकटीच मंदिरात आली. मोडनिंबला आपली मंडळी नाही. धोंडिराम घरात कुणाला मोठ्यानं प्रार्थना करू देत नाही, स्वतःही करत नाही, असं तिनं सांगितलं. घंटा वाजवायला निघालेला सिद्राम दोरी हातात धरून ऐकत राहिला. त्या दिवशी उपासनेची घंटा उशिरा वाजली.