दोरीबुवा नदी ओलांडतात

पडदा वर जातो तेव्हा समोर मातीचं आवार दिसतं. उजव्या अंगाला तीन मोटारी, मधोमध एक लाकडी बाक, आणि मागे, जिथे आमच्या थिएटरात जंगलाचा रंगवलेला पडदा सोडत, तिथे खरंखुरं जंगल. त्यातून एक पायवाट येते आणि फाटकापाशी संपते. बाकावर दोन पात्रं. एक मी, रंगभूमीवरून केव्हाच उतरलेला म्हातारा नट. दुसरी, दर दोन मिनिटांनी मनगटावरच्या घड्याळाकडे बघणारी एक नर्स. दुपारचे साडेतीन. नायकाचा प्रवेश व्हायचाय.

नायक म्हणजे दोरीबुवा, या नर्सबाईंचे वडील. वय वर्षं सत्तर. त्यांनी आमच्या थिएटरात एकेचाळीस वर्षं पडदा ओढला. प्रेक्षकांनी त्यांचं तोंड कधी पाहिलं नाही आणि त्यांनी एकही नाटक समोरून पाहिलं नाही. "सगळे नट मला डाव्या कानावरून ओळखू येतात," असं ते म्हणत. मी राजांची कामं फार केली म्हणून मला ते 'राजे' म्हणतात. पण राजा टाळ्यांसाठी जरा जास्त रेंगाळला की पडदा थेट नाकासमोर आणत. एकदा मी म्हटलं, "बुवा, काल घाई केलीत." तर म्हणाले, "राजे, लोक चपला शोधायला लागले होते."

त्यांच्या दोन सवयी सांगून ठेवतो, पुढे लागतील. तिसरी घंटा वाजवणारा माणूस आधी विंगेत बघायचा. बुवा दोरीशी उभे दिसले की मगच घंटा. एकेचाळीस वर्षांत ते एकदाही उशिरा आले नाहीत. आणि दुसरी, दोरी हातातून सोडण्याआधी खुंटीला तीन वेढे आणि वर एक गाठ. कारण बांधली नाही तर पडदा आपल्याच वजनाने सरकतो. कोणे एके काळी तो असा सरकला आणि मरायला टेकलेली आमची राणी अर्धी आत, अर्धी बाहेर राहिली. तेव्हापासून बुवांचा हात डोक्याला न विचारता गाठ मारतो.

बुवा थिएटरमागच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एकटे राहतात. खोली एक, खिडकी एक, जिन्याला छप्पन पायऱ्या, लिफ्ट नाही. बायको गेली, पाठोपाठ डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आणि लेकीने धोशा लावला की माझ्याकडे चला, तळमजला आहे. जावई भला माणूस, नातवंडं गोड. पण बुवांच्या खिडकीतून थिएटरचं मागचं दार दिसतं. ते काही हलेनात.

एक दिवस ती वैतागली. तिच्या हॉस्पिटलातल्या कॅलेंडरवर या पायवाटेचं चित्र होतं. पाच दिवसांचं जंगल, वाटेत मुक्कामाला चार लाकडी खोपटं, बरोबर वाटाड्या नाही, दुकान नाही, फोनला रेंज नाही.

"बाबा, जो माणूस हे एकट्याने चालून दाखवेल ना, तो खुशाल तिसऱ्या मजल्यावर राहील."

"आणि नाही चालला तर?"

"तर मुकाट्याने माझ्याकडे."

"कधीपर्यंत पोचायचं?"

"पाचव्या दिवशी चारपर्यंत. अहो, मी आपलं बोलायचं म्हणून..."

"राजे साक्षीला आहेत," बुवा म्हणाले. मी तेव्हा त्यांच्या खोलीत चहा पीत होतो. साक्षीदार व्हायला इतकंच पुरतं.

पुढचे दोन महिने बुवा सॅकमध्ये वाळू भरून त्या छप्पन पायऱ्या चढत-उतरत होते. रोज सकाळी चार खेपा. शेजारीण मला विचारून गेली, "बुवा बिऱ्हाड हलवतायत का? मग सामान परत वर का आणतात?"

असे ते निघाले. पहिले चार दिवस त्यांनी ठरल्याप्रमाणे काढले. झाडांवर रंगवलेले पिवळे त्रिकोण बघत चालायचं, दुपार कलताना खोपट गाठायचं. आत लोखंडी शेगडी, फळ्यांचे बिछाने, खिळ्याला टांगलेली वही. वहीत नाव लिहायचं, सकाळी निघताना पुढच्या माणसासाठी शेगडीची फाटी फोडून ठेवायची. बुवांनी प्रत्येक खोपट झाडलं आणि वहीत लिहिलं, "जागा चांगली. दाराची बिजागरी करकरत होती, तेल घातलं." चौथ्या खोपटात त्यांना एक जोडपं भेटलं; भूगोल शिकवणारी एक बाई आणि तिचा नवरा. नकाशा बाईंकडे असायचा, तरी दोघं दिवसातून एकदा चुकायचीच. नवरा म्हणाला, "हिला देशांच्या राजधान्या पाठ आहेत, पायवाटा नाहीत."

पाचव्या दिवशी बुवा पहाटेच निघाले. तासा-दीड तासावर नदी होती. पूल नाही, दोन काठांमध्ये पोलादी तार, तारेला लोंबणारा पाळणा, आणि दोन्ही काठांवरच्या चाकांतून फिरणारी दोरी. पाळण्यात बसायचं आणि आपणच दोरी ओढत पलीकडे जायचं. खाली पाणी दगडांवर आपटत होतं. बुवा बसले. त्यांनी दोरी हातात घेतली मात्र, खांदे आपोआप जागेवर आले. लांब, सावकाश, धक्का न देता.

नंतर मला सांगताना त्यांचा आवाज खाली आला. "राजे, जन्मभर मी एका जागी उभा राहून दोरी ओढली आणि समोर तुम्ही लोक दिसायला लागलात. त्या दिवशी दोरी ओढली आणि मीच निघालो. मधोमध आल्यावर थांबलो जरा. दोन्हीकडे झाडं उभी, गच्च भरलेली. म्हटलं, हाउसफुल्ल आहे."

पलीकडे उतरले, सॅक पाठीला लावली आणि चालू लागले. तीन किलोमीटरांवर बिस्किटं खायला बसले. तळव्याला दोरीचा वळ उठला होता. तो चोळताना, हाताने काय करून ठेवलं होतं ते डोक्याच्या लक्षात आलं. तीन वेढे आणि एक गाठ. काठावरच्या लोखंडी आकड्याला त्यांनी दोरी बांधून टाकली होती.

त्या आकड्याशेजारीच पाटी होती, 'पाळणा मोकळा ठेवा.' पाळणा या काठाला बांधलेला, म्हणजे मागून येणाऱ्याला तो ओढून घेता येणार नाही. आणि मागून ते जोडपं येणार होतं. माघारी फिरायचं तर त्यांना पुन्हा चार दिवसांचं जंगल, आणि शिदोरी एका दिवसाची.

बुवांनी घड्याळ पाहिलं. साडेनऊ. पुढे गेले तर दीडपर्यंत फाटक, म्हणजे खोली, खिडकी, सगळं राखलं. मागे गेले तर चार काही गाठता येत नाहीत. "किती वेळ विचार केलात?" मी विचारलं. "बिस्किट संपेपर्यंत," म्हणाले.

ते नदीवर पोचले तेव्हा पलीकडून भूगोलबाई हात हलवत होत्या आणि नवरा दोरीला लोंबकळून दमला होता. बुवांनी गाठ सोडली, पाळणा पलीकडे पाठवला आणि एकेकाला ओढून आणलं. नवरा उतरता उतरता म्हणाला, "आम्हाला वाटलं यंत्र बिघडलं."

"यंत्र ठीक आहे," बुवा म्हणाले. "ते चालवणारा जुना आहे."

इकडे बाकावर चार वाजले. लेकीने घड्याळावर बोट आपटलं. सव्वाचार झाले तेव्हा घड्याळ बघणं सोडून ती फाटकाशी जाऊन उभी राहिली. मी तिला म्हटलं, "जिंकलीस की."

"काका, गप्प बसा हो," ती म्हणाली.

चार वाजून पंचवीस मिनिटांनी झाडांतून बुवा आले. डावा पाय जरा ओढत, पण मान ताठ. मी इतकी वर्षं राजे केले, असा प्रवेश मला एकदाही साधला नाही. मागून ते जोडपं.

बुवांनी लेकीसमोर सॅक ठेवली. "पंचवीस मिनिटं उशीर. हरलो. सामान कधी हलवायचं ते सांग."

भूगोलबाई पुढे झाल्या आणि त्यांनी सगळी हकिकत सांगितली. लेक ऐकत होती, पण तिची बोटं वडिलांचा गुडघा चाचपत होती. सूज होती, फार नव्हती.

"म्हणजे तीन जाऊन तीन येऊन," ती हळूच म्हणाली, "सहा किलोमीटर जास्त चाललात तुम्ही."

"गाठ माझी. ती सोडायला दुसरं कोण जाणार?"

मग उठून तिने सॅक आपल्या खांद्यावर घेतली. "राहा तिथेच, तिसऱ्या मजल्यावर. पण आठवड्यातून दोनदा मी येणार. आणि छप्पन पायऱ्या चढून आले की मला चहा लागतो."

"साखर किती?"

"बाबा, चाळीस वर्षांची लेक आहे मी तुमची."

"तुझी आई करायची ना चहा, म्हणून विचारलं."

तशी ती हसली, आणि रडलीही.

परतताना मोटारीत बुवा मागच्या सीटवर डोळे मिटून बसले होते, तळवा उघडा मांडीवर. मला राहवलं नाही. म्हटलं, "काही म्हणा बुवा, एकेचाळीस वर्षांत पहिल्यांदा तुम्ही तिसऱ्या घंटेला उशिरा आलात."

त्यांनी डोळे उघडले नाहीत.

"राजे, पडदेवाला पोचल्याशिवाय तिसरी घंटा होतच नसते."