गावाच्या दप्तरातला समुद्र

कोट्यवधी वर्षांपूर्वी आपल्या गावी समुद्र होता, असा ठराव ग्रामपंचायतीनं एकमतानं मंजूर केला होता. त्याची नक्कल खिशात घालून मी दुसरबीडच्या पुढच्या एका खेड्यात, अर्धवट खणलेल्या विहिरीच्या काठावर उभा होतो.

महाराष्ट्र नवा होता, जिल्हा परिषद त्याहून नवी. मी सरकारी जिऑलॉजिस्ट. विहिरीला जागा दाखवणं हे माझं काम. समुद्र तपासायला पहिल्यांदाच आलो होतो.

विहीर कौतिकरावांची. आठ फुटांवर हाडं लागली, एक लांबलचक मान. हेडमास्तरांनी ती प्लेसिओसॉरची ठरवली. म्हणजे डायनोसोरांच्या काळी समुद्रात पोहणारा, लांब मानेचा आणि वल्ह्यांसारख्या पायांचा प्राणी. त्यांच्या पुस्तकात चित्र होतं. रिपोर्ट येईपर्यंत खोदकाम बंद, असंही ठरावात होतं. शेजारी मिरचीची रोपं सुकत चालली होती.

"रिपोर्ट कधी देता साहेब?" कौतिकराव म्हणाले. "आठ दिवसांत पानी नाही लागलं त मिरची गेली."

हेडमास्तर धोतराच्या सोग्यानं हाडं पुसत होते. "आमच्या मुलांनी समुद्र पाहिलेला नाही हो. निदान इथं होता, एवढं तरी..."

मला तो माणूस आवडला. त्यामुळे काम अवघड झालं. हा सगळा भाग काळ्या पाषाणाचा, म्हणजे थिजलेल्या लाव्ह्याचा. लाव्ह्यात पोहणारं जनावर सापडत नाही. शिवाय विहिरीच्या कडेला माती, विटांचे तुकडे आणि फुटका माठ दिसत होता. त्याला आम्ही भराव म्हणतो.

"मास्तर, मानेचे मणके मोजा. प्लेसिओसॉरला चाळीसच्या आसपास तरी हवेत."

त्यांनी मोजले. "सात."

"सस्तन प्राण्याला सात असतात. तुम्हाला सात, मला सात, जिराफालाही सात."

ते पुन्हा मोजायला वाकले. मी कौतिकरावांना बाजूला घेतलं.

"हे काय आहे, तुम्हाला माहीत आहे ना?"

"हाव. उंट हाये. खतासाठी वावरात मेंढरं बसवाले काठेवाडी येत, त्याइचा. मेला तवा माह्या बापानं याच जुन्या हिरीत पुरला न् हीर बुजवली."

"मग ठरावावर सही का केलीत?"

"मास्तरनं माह्या दोन्ही पोराइले लिवाले शिकोलं. समद्या गावापुढं त्याइले खोटं काऊन पाडू?"

"आणि मिरची?"

"म्हनून त तुमाले बलावलं. अर्ज म्याच केला ना साहेब."

मी रिपोर्ट तिथंच लिहिला: हाडे सस्तन प्राण्याची, खोदकामास हरकत नाही. उंट हा शब्द लिहिला नाही. मान मास्तरांनी शाळेत नेली. निघताना खिडकीतून पाहिलं, तर अख्खा वर्ग मानेमागे हात नेऊन स्वतःचे मणके चाचपत होता आणि मास्तर फळ्यावर मोठ्ठा सात काढत होते.

तेव्हापासून कुठंही गेलो तरी मी शेतमालकाला आधी बाजूला घेतो.

विहिरीला तिसाव्या फुटावर गोडं पाणी लागलं. निम्मी मिरची वाचली. समुद्राचा ठराव रद्द करण्याचा विषय मात्र पुढच्या कुठल्याही सभेपुढे आला नाही.