सात सिनेमे पाठमोरी रुखमाबाई

खापरखेड्याच्या वसाहतीत आमच्या क्वार्टरला लागूनच धोट्यांचं क्वार्टर आहे. त्याच्या दारावर निळ्या पत्र्यावर पिवळ्या अक्षरांत लिहिलंय, 'रुखमा चित्र, निर्मिती व वितरण'. वितरणाचं आधी सांगून टाकते, म्हणजे तो विषय संपेल. रुपराव धोटे पेन ड्राइव्ह खिशात घालतात आणि वसाहतीच्या हॉलकडे पायी निघतात. झालं वितरण.

राहिली निर्मिती. पंधरा वर्षांत आठ सिनेमे. मी इंदू गावंडे, वसाहतीच्या शाळेतून रिटायर झालेली मराठीची बाई. आठही सिनेमांचे संवाद माझे. म्हणजे कागदावर लिहिले ते माझे. पडद्यावर जे ऐकू येतं त्याला मी जबाबदार नाही, हे मी हॉलच्या दारात उभी राहून लोकांना सांगितलेलं आहे.

रुपराव वीजकेंद्रात ऑपरेटर होते. कंपनीला बायकोचं नाव दिलं याचा त्यांना भारी अभिमान. चहाला कोणीही येवो, पहिल्या घोटाबरोबर ऐकवणार, "मी तं कंपनीच बायकोच्या नावानं काढली." लोकही माना डोलवायचे. कंपनीत त्या बायकोचं काम काय, हे मात्र कोणी विचारलं नाही. म्हणून मी सांगते.

आमचे सगळे कलाकारही तिथलेच शिफ्टवाले. हिरो रोहित, व्हिलन बाबाराव. रोहितची फर्स्ट शिफ्ट असली की बाबारावची सेकंड, आणि आठवड्याने फिरली तरी अशी फिरायची की हा घरी आला की तो कामावर. सुट्ट्याही वेगळ्या. त्यामुळे आमच्या हिरोने आणि व्हिलनने पंधरा वर्षांत एकमेकांना सिनेमात मारलं भरपूर, पण समोरासमोर कधी पाहिलं नाही. रोहित बुक्की मारताना समोर कोणाची तरी पाठ पाहिजे. घरी कायम हजर कोण? रुखमाबाई. मग काय, बाबारावचा शर्ट तिच्या अंगात, डोक्यावर टोपी, आणि कॅमेऱ्याकडे पाठ. दुपारी बाबाराव मोकळा झाला की तीच बाई रोहितचा शर्ट घालून हिरो व्हायची आणि व्हिलनच्या बुक्क्या खायची. मधल्या वेळात पंधरा माणसांची भाजी तिनेच फोडणीला टाकलेली असायची.

पहिला सिनेमा 'सुडाचं संत्रं'. त्याच्या शेवटच्या मारामारीत व्हिलनची टोपी पडली आणि भर हॉलमध्ये बाबारावचा अंबाडा दिसला. वर मनगटात हिरव्या काचेच्या बांगड्या. हॉल इतका हसला की माझे पुढचे चार संवाद वाहून गेले, त्यात एक खरंच बरा होता. रुपरावांनी घरी येऊन बायकोला म्हटलं, "बांगड्या उतरवाले काय जाते वं तुयं?" ती म्हणाली, "नवरा जिता असताना बांगड्या उतरवू? तुमाले सिनेमासाठी मराचं असंन तं सांगा, उतरवतो." रुपरावांनी विचार केला आणि मरण्याऐवजी फुल बाह्यांचे शर्ट आणले. तेव्हापासून रुखमा चित्राची एक शैली ठरली. मे महिन्यात, शेहेचाळीस डिग्रीत, शेतात नांगर धरणारा माणूससुद्धा मनगटापर्यंत बटणं लावून उभा. 'नणंदेचा नकार'मध्ये तर बाबाराव विहिरीत पोहतानाही फुल बाह्यांत आहे.

सात सिनेमे असे गेले. रुखमाबाई इन्स्पेक्टर झाली, डॉक्टर झाली, सरपंच झाली, एकदा तर स्वतःच्याच खुनाची साक्षीदार झाली. सगळं पाठमोरं. दर सिनेमाच्या आधी ती विचारायची, "अवो, यंदा मले तोंडाचा रोल देता काय?" आणि दरवेळी रुपराव म्हणायचे, "पुढच्यात पक्का." पुढच्यात पुन्हा कोणाची तरी ड्युटी बदलायची आणि पाठीचं घोडं अडायचं. श्रेयनामावलीत तिचं नाव कुठे असायचं म्हणता? कंपनीच्या नावात होतं की. अजून किती पाहिजे?

आता शहरात, धरमपेठेत राहणाऱ्या गौरांगचं सांगते. तिथे एक सिनेमा मंडळ आहे. महिन्यातून एकदा पंचवीसेक माणसं जमतात, न कळणारे सिनेमे पाहतात आणि कळल्यासारखी गप्प बसतात. गौरांग त्यांचा सेक्रेटरी. त्याच्या हाती आमचे सिनेमे कसे लागले देव जाणे. त्याने लेख लिहिला, चांगला चार पानी. त्यात म्हटलं होतं की रुखमा चित्राच्या सिनेमांत सत्तेचा चेहराच दाखवलेला नाही, इन्स्पेक्टर असो की सरपंच, सगळे पाठमोरे, आणि ही फार खोल भूमिका आहे. मी तो लेख दोनदा वाचला. माझ्या संवादांबद्दल एक ओळ नव्हती, तेव्हाच मला कळलं की माणूस अगदीच मूर्ख नाही.

मग सत्कार ठरला. आम्ही गाडी करून धरमपेठेत गेलो. रुपरावांना शाल, श्रीफळ. रुखमाबाईने मोरपंखी साडी नेसली होती. ती माझ्या शेजारी तिसऱ्या रांगेत. गौरांगने माइकवर विचारलं, "सर, सातही सिनेमांत ती पाठमोरी आकृती एकाच कलाकाराची आहे, बरोबर? इतक्या संयमाने काम करणारे हे कलाकार कोण?"

रुपरावांनी तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, त्यांनी तिच्याकडेच पाहिलं. आता 'आमची बायको' म्हणावं तर ती खोल भूमिका वगैरे सगळी एका क्षणात स्वयंपाकघरात जाऊन बसणार. शाल नुकतीच खांद्यावर पडली होती. ते म्हणाले, "आहेत आमचे एक कलाकार. त्यांना प्रसिद्धी आवडत नाही." काय टाळ्या पडल्या म्हणून सांगू. मला इतका संताप आला की तिथूनच चप्पल फेकावीशी वाटली, पण चप्पल नवी होती.

परतताना गाडी कोराडीला पोचली. तेव्हा रुखमाबाई खिडकीबाहेर पाहतच म्हणाली, "मले आता तोंडाचा रोल पायजे. नाई तं तुमी तुमची कंपनी दुसऱ्या कोण्या बाईच्या नावानं चालवा."

आठवा सिनेमा 'दारी उभा लेक'. रुपरावांनी मुकाट्याने तिला आईचा रोल दिला. एकच सीन, पण तोंडाचा. शहरात जाऊन आईला विसरलेला मुलगा वीस वर्षांनी दारात येतो. मी चार ओळींचा संवाद लिहिला. 'बाळा, या थकल्या डोळ्यांनी तुझी किती वाट पाहिली' अशी सुरुवात. हसू नका, चाळीस वर्षं शाळेत निबंध तपासले की माणूस असंच लिहितो. रुखमाबाईने तो कागद पिठाच्या डब्यावर चिकटवला आणि आठ दिवस पोळ्या लाटताना पाठ केला. आरशासमोर मी तिला पकडलं तेव्हा ती लाजली. मला म्हणाली, "बाई, पडद्यावर तोंड किती मोठं दिसते वं? मायी खूण दिसंन काय कपाळावरची?" ती खूण बाबारावच्या खऱ्या बुक्कीची होती, तिसऱ्या सिनेमातली.

रविवारी दुपारी शूटिंग. साडी इस्त्रीची, केसांना तेल, सगळं तयार. आणि अडीच वाजता रोहितचा फोन आला. त्याच्या जागेवरचा सेकंड शिफ्टचा माणूस आला नाही, म्हणून रोहितलाच डबल ड्युटीला थांबवलं होतं.

सगळ्यांनी सवयीने रुखमाबाईकडे पाहिलं. शर्ट खुंटीवर होताच. पण ती आज दाराच्या आतल्या बाजूला, तोंड कॅमेऱ्याकडे करून उभी होती, आणि हलली नाही. बाबाराव ड्युटीवर. मी साडीत. गोलू कॅमेऱ्यामागे. गोलू म्हणजे लग्नाचे व्हिडिओ काढणारा आमचा कॅमेरामन. उरले कोण? डायरेक्टर. रुपरावांनी रोहितचा शर्ट घातला. पोटावर बटणं लागली नाहीत, पण पाठीमागून काय दिसतंय. टक्कल दिसत होतं, ते गोलूने सांगितलंही. टोपी सापडली नाही. रुपराव उंबऱ्यात कॅमेऱ्याकडे पाठ करून उभे राहिले आणि म्हणाले, "ॲक्शन."

"बाळा," रुखमाबाई म्हणाली. मग थांबली. मला वाटलं विसरली, मी हळूच 'या थकल्या' म्हटलंसुद्धा. तिने ऐकलं नाही.

"आला का गा," ती म्हणाली. "ये. लय वर्षं मी तुयी पाठच पाहून राहिली होती, आज तोंड दिसलं. मायं तोंड ओळखतं काय? नाई ओळखत असशीन. मीबी पाठच दाखवली. बाबारावचा शर्ट घालून मार खाल्ला, रोहितचा घालून खाल्ला. अन् सगळ्यायले जेवाले वाढलं. मले वाटे, माणूस पाहून राहिला हाय, त्याच्या ध्यानात हाय." इथे मुलाला 'तू' म्हणणारी आई कुठल्या कुठे गेली. "त्या पोट्ट्यानं तुमाले इचारलं, हे कोण हाय. तुमी मायाकडं पाह्यलं. पाहून म्हटलं, हाय एक. एक म्हंजे कोण? मले नाव नाई काय? दारावर हाय मायं नाव, पत्र्यावर. मी रोज त्याच्याखालून जातो. तुमाले लाज वाटली मायी. मले तवा मरावंसं वाटलं, अन् घरी येऊन मी तुमच्यासाठी खिचडी टाकली."

आता गंमत बघा. आमच्याकडे 'कट' म्हणायचा हक्क फक्त रुपरावांचा. गोलूने एकदा आपल्या मनाने कॅमेरा बंद केला होता तर त्याला दोन दिवस जेवण मिळालं नव्हतं. आणि कट म्हणणारा माणूस उंबऱ्यात उभा, तो कट म्हणेना. टकलाखालची मान तेवढी लाल होत गेली. मग ते खांदे हलायला लागले. गोलू घाबरून माझ्याकडे पाहत होता आणि कॅमेरा चालूच होता. ती बोलत राहिली, पुरी अकरा मिनिटं, आणि संपल्यावर पदराने तोंड पुसून आत भाजी पाहायला गेली.

गोलूने लकडगंजच्या आपल्या दुकानात बसून त्यातली 'आला का गा, ये' एवढीच ओळ ठेवली आणि बाकी कापलं. त्याचं चुकलं नाही. मी तिथे होते. रुपरावांनी ते पाहिलं आणि म्हणाले, "सगळं जोड."

"काका, स्टोरी तुटते पूर्ण."

"तुटू दे. अन् तिचं नाव टाक. सगळ्यात आधी, पूर्ण नाव."

हॉलमध्ये त्या सीनला मला धाकधूक होती. वीस वर्षांनी दारात आलेला हिरो अचानक टकला आणि ढेरपोट्या झालेला, आमचे लोक 'सुडाच्या संत्र्या'ला सोडत नाहीत, याला काय सोडतील. कोणी हसलं नाही. माझ्या पुढच्या रांगेतल्या बायका नाक ओढत होत्या, आणि बाबाराव मान खाली घालून आपल्या हाताच्या मुठीकडे पाहत बसला होता. इतक्या वर्षांत माझ्या एकाही संवादाला हॉल असा गप्प झाला नाही, आणि हा संवाद माझा नव्हता. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. रुखमाबाई माझ्या शेजारीच होती. आपलं तोंड तेवढं मोठं झालेलं पाहून तिने माझा हात धरला तो शेवटपर्यंत सोडला नाही.

आता नवव्याचं शूटिंग चालू आहे. शिफ्टचा घोळ तसाच आहे, पाठी लागतातच, आणि त्या सगळ्या आता रुपरावांच्या आहेत. त्यांना मागे वळून कॅमेऱ्याकडे बघता येत नाही म्हणून कट रुखमाबाई म्हणते. लवकर म्हणत नाही. समोरच्याचं बोलून होऊ देते.