त्या बाटल्यांत काजळी नव्हती

फोन आला तेव्हा मी क्लासच्या ऑफिसात वेळापत्रक लावत होतो. पलीकडून मुजीबची बायको शबाना बोलत होती. "भाईसाब, हे गेले..." आणि खरं सांगतो, माझ्या मनात पहिलं काय आलं? उद्याची केमिस्ट्रीची बॅच कोण घेणार. तीस वर्षांची दोस्ती, आणि एवढंच सुचलं. पुढं क्लासतर्फे पेपरात श्रद्धांजली छापली, तिच्यात त्याला 'लोकप्रिय शिक्षक' म्हटलं. तो मुळात संशोधक होता, हे लिहायला मला सहा आठवडे लागले.

मुजीब उदगीरचा, मी अहमदपूरचा. भूकंपाच्या वर्षी आम्ही दोघं लातुरात बारावीला होतो. खोलीच्या भिंतींना तडे गेले म्हणून मैदानात ताडपत्रीखाली अभ्यास करायचो. आम्ही सगळे घाबरलेले, आणि हा त्या तड्यांची वहीत चित्रं काढून राहिलेला, कुठून निघाला, कुठं थांबला. पुढं मी क्लास काढला आणि तो नांदेडला विद्यापीठात गेला. विषय होता कार्बनच्या नळ्या, केसापेक्षा हजारो पटींनी बारीक. भट्टीत कापराची वाफ सोडायची, आत लोखंडाचे सूक्ष्म कण ठेवायचे, आणि त्या कणांवर नळ्या वाढतात. कापूर तो किलोनं घ्यायचा. किराणावाल्यानं एकदा विचारलं, "मुजीबभाई, आरत्या करून राहिलात काय?" "हाव, रोज दोन," हा म्हणाला. मला भट्टी दाखवायला नेलं तेव्हा त्याला किती सांगू अन् किती नको झालं होतं. "कापूर तोच, आच तीच. पण नळी जाड का बारीक, हे लोखंडाचा कण ठरवून राहिला. कण बारीक तर नळी बारीक. आच जास्त झाली, कण एकमेकाला चिकटले, की मग नळी न्हाई, नुसती काजळी." आणि त्या लोखंडाचं पुढं काय होतं, मी विचारलं. "कधी बुडाशी राहतं, कधी नळीच्या टोकावर बसून वर जातं. शेवटी कार्बनच त्याला मढवून टाकतो, मग वाढ थांबती."

फेलोशिप संपली तेव्हा त्याला घर चालवायचं होतं आणि मला केमिस्ट्रीचा माणूस हवा होता. आठवड्यातून तीन दिवस तो एसटीनं लातूरला यायला लागला. आल्या आल्या घोळ घातला. परीक्षेला 'उत्प्रेरक शेवटी जसाच्या तसा राहतो' एवढंच हवं असतं. यानं पोरांना तासभर सांगितलं, माझा उत्प्रेरक, ते लोखंड, तर तसा राहत नाही. एक पालक भांडायला आले. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "मुजीब, चार पर्याय, एक उत्तर. तुझा शोध नांदेडला ठेव." त्यानं मान हलवली. त्यानंतर त्याचं कधी चुकलं नाही... दुर्दैवानं.

प्रबंध जवळपास झाला होता. परीक्षकांनी काही नमुने पुन्हा तपासायला मागितले होते, आणि नेमकी तेव्हाच विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतली त्याची जागा, भट्टीसकट, दुसऱ्याला दिली गेली. त्यानं नमुन्यांच्या बाटल्या माझ्या क्लासच्या कपाटात आणून ठेवल्या. प्रत्येकीवर उर्दूत चिठ्ठी, कोणता कण, किती आच. मे महिन्यात ॲडमिशनची झुंबड उडाली, मला फॉर्मांना जागा हवी होती. झाडलोट करणाऱ्या कौशल्यामावशींनी विचारलं, "सर, या बाटल्यांत काजळी हाय. वर काईतरी लिव्हलंय. टाकू का?" मी एक उचलून पाहिली, अक्षरं वाचता येईनात. "काजळीच आहे, टाका," म्हणालो. मुजीबचं सामान आहे हे मी विसरलो होतो, असं मी स्वतःला सांगत आलोय. पण आमच्या क्लासात उर्दू लिहिणारं दुसरं होतं कोण?

तो आला आणि रिकाम्या कप्प्यासमोर उभाच राहिला. "मावशींनी टाकल्या वाटतं," मी म्हणालो. तेवढ्यावर भागलं नाही, त्याच्यादेखत मावशींना कामावरून काढलं. दुसऱ्या दिवशी मला म्हणाला, "जाऊ दे. काजळीच होती की." भट्टी हातची गेलेली, नमुने पुन्हा बनवणार कुठं? प्रबंध तिथंच राहिला. पुढच्या महिन्यात तो पूर्णवेळ माझ्याकडे आला आणि मी, नालायक माणूस, मनातून खूश झालो.

अकरा वर्षं तो लातुरात राहिला, पण मला कधी घरी बोलावलं नाही. भाड्याच्या घराची लाज वाटत असेल, असं मी समजत होतो. परवा त्याच्या चाळिसाव्या दिवसाच्या विधीला पहिल्यांदा गेलो. दार कौशल्यामावशींनी उघडलं. इतकी वर्षं त्या त्याच घरात स्वयंपाकाला आहेत. मला आत घेत त्याच बोलल्या. "तुमी मला काढलं त्याच दिशी मुजीबसरांनी मला गाठून इचारलं व्हतं. म्या खरं ते सांगितलं. म्हनले, मावशी, तुमी कुनाला बोलू नका. तो आपणहून सांगंल."

स्टाफरूममध्ये त्याची खुर्ची माझ्यासमोर असायची. रोज चार वाजता आम्ही तिथं चहा घ्यायचो. कप खाली ठेवला की तो माझ्याकडे बघत म्हणायचा, "बोल, काय म्हणतोस?" आणि मी त्याला निकालाचं सांगत बसायचो.