बोटं मोजण्याची नोकरी

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. आमच्या ऑफिसात ते चहाच्या कपांसारखे साठतात. प्रत्येकाला वाटतं, दुसरा कुणीतरी उचलेल. शेवटी मीच उचलतो, कारण मला दुसरं फारसं काम नसतं.

'आमचं ऑफिस' म्हणजे शिरूरच्या मार्केट यार्डाजवळ, जिना चढून वरची एक खोली. माझी भाची मुक्ता तिथे एआयवर जाहिरातींचे व्हिडिओ बनवते. कॅमेरा नाही, शूटिंग नाही. कॉम्प्युटरला वर्णन लिहून द्यायचं, की जगात कुठेच नसलेली एक मुलगी स्क्रीनवर येऊन म्हणते, "हाय फ्रेंड्स, आज मी आलेय शिक्रापूरला!"

मी संख्याशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक. पीएचडी संभाव्यतेत, म्हणजे कशाचीच खात्री न देण्यात! मुक्ताने मला शुद्धलेखन तपासायला बोलावलं. बहुधा तिच्या मामीनेच तिला तसं सुचवलं असावं.

* * *

पहिली जाहिरात एका पशुखाद्यवाल्याची. व्हिडिओत एक गोरीपान मुलगी म्हशीला गोंजारत होती. मी स्क्रिप्टमधल्या वेलांट्या तीनदा तपासल्या आणि समाधानाने मान डोलावली.

मालक आले. व्हिडिओ बघता बघता त्यांनी खुर्ची पुढे ओढली. तेव्हा कुठे मला दिसलं, म्हशीला पाच पाय होते!

"सॉरी, एक पाय जास्त झालाय," मी घाईघाईने म्हणालो.

"पायाचं जाऊ द्या हो सर! कासंला सडं तीनच हायेत. माझं गिऱ्हाईक म्हशीचं तोंड बघत न्हाई, आधी सडं मोजतं!"

* * *

त्या दिवसापासून मुक्ताने माझं खातं बदललं. "मामा, वेलांट्या राहू द्या. तुम्ही फक्त मोजा."

एआय माणसाच्या बोटांत फार चुकतं. भाकरी थापणाऱ्या बाईला सहा बोटं, मोबाईल धरणाऱ्या पोराला सात. तेव्हा प्रत्येक व्हिडिओ बाहेर पडण्यापूर्वी मी सगळ्यांची बोटं मोजतो. ज्याने वर्गात अनंतापर्यंतच्या बेरजा शिकवल्या, त्याला म्हातारपणी पाचपर्यंत मोजायचं काम मिळालं. तेही मी दोनदा मोजतो. कधीकधी दोन्ही उत्तरं जुळत नाहीत!

हे मी आप्पांना फोनवर सांगितलं. आप्पा दौंड तालुक्यातले बागायतदार. त्यांचा मुलगा माझा विद्यार्थी होता. पोराने सायन्स घ्यावं का, हे विचारायला ते पहिल्यांदा आले तेव्हा मी म्हणालो होतो, "बहुधा घ्यावं." तेव्हापासून बोअर कुठे घ्यायची इथपासून सगळं ते मला विचारतात आणि माझं 'बहुधा' घेऊन परत जातात. त्या सुमाराला त्यांचा गुडघा पार गेलेला होता, आणि ऑपरेशनची तारीख ठरली होती.

बोटांचं ऐकून आप्पा खो खो हसले. "म्हंजी खरा मानूस कोन, ते बोटांवरनं वळखायचं म्हना की!"

* * *

मोजायची सवय लागली की सुटत नाही. एकदा एसटीने पुण्याला निघालो होतो. रांजणगावला एक कामगार चढला आणि समोरच्या सीटवर बसला. मी नकळत मोजायला लागलो. पुन्हा मोजलं.

"चार हैं, बाबा," तो शांतपणे म्हणाला. "एक प्रेस मशीन में गया."

पुणं येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत होतो.

* * *

मुक्ताने बनवलेल्या मुलींत रिया सगळ्यांत लोकप्रिय. साड्या, मिसळ, ठिबक सिंचन, काहीही विकते. एके दिवशी दौंडकडची एक बाई मुलाला घेऊन जिना चढून आली. हातात पिशवी, पिशवीत पेढे आणि मुलाचा बायोडेटा!

मुक्ताने समजावलं, "मावशी, ती मुलगी खरी नाही. कॉम्प्युटरने बनवलीय."

मीही बाजूने समजावलं. पिक्सेल म्हणजे काय, तेसुद्धा सांगितलं. मुलगा मान खाली घालून बसला होता. बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"खरी नसंल," त्या म्हणाल्या. "पन खऱ्या पोरी तर शेती म्हटलं की फोटू बघायच्या आधीच न्हाई म्हनत्यात. ही अजून कुठं न्हाई म्हनलीय?"

पेढे त्या ठेवून गेल्या. मी दोन खाल्ले.

* * *

मग माझीच पाळी आली. गुडघ्याच्या तेलाच्या जाहिरातीला मुक्ताला विश्वासू दिसणारा म्हातारा हवा होता. "मामा, तुमचाच चेहरा वापरू का?"

मी म्हणालो, "विचार करू." माझं 'विचार करू' आयुष्यभर सगळ्यांनी होकारच समजलं आहे. मुक्ताने मोबाईलवर माझं दोन मिनिटं बोलणं रेकॉर्ड केलं आणि संध्याकाळी माझा जुळा भाऊ तयार! ताठ मान, खणखणीत आवाज.

"मी सांगतो! ऑपरेशनची गरज नाही! हे तेल लावा आणि चालायला लागा!"

खाली नाव होतं, माझं, आणि नावाआधी 'डॉ'. मी बारकाईने तपासलं. हाताला पाच बोटं होती. 'डॉ'नंतर टिंब राहिलं होतं, ते मी आठवणीने दिलं.

मी गुडघ्यांचा डॉक्टर नाही, हे माझ्या लक्षात आलं तेव्हा व्हिडिओ सगळ्या ग्रुपांवर फिरून आला होता.

बायकोने तो तीनदा पाहिला. म्हणाली, "इतकं ठाम तुम्ही मला पसंत करतानाही बोलला नव्हतात!"

* * *

चार दिवसांनी आप्पांच्या सुनेचा फोन आला.

"सर, आप्पा ऑपरेशनला न्हाई म्हनत्यात. तारीख परवावर आलीय. दिवसभर तुमचा व्हिडिओ बघत बसत्यात. रात्री गुडघा धरून कन्हत्यात. तुम्ही येता का?"

मुक्ताला व्हिडिओ काढायला लावला. तिनेही मुकाट्याने काढला. पण लोकांच्या मोबाईलमधून तो कसा काढणार? सकाळच्या पहिल्या एसटीने दौंडकडे निघालो. वाटेत बोलायचं पाठ केलं. एका माणसाचा पाय माझ्या एका टिंबाने जायची वेळ आली होती.

आप्पा ओसरीवर खाटेवर बसले होते. गुडघा उशीवर.

"आप्पा, माफ करा. व्हिडिओत मी नाही. म्हणजे चेहरा माझा आहे, पण..."

"ठावं हाय की!" आप्पा म्हणाले. "पयल्याच दिवशी कळलं. तुम्ही नव्हंच ते. आख्ख्या व्हिडिओत एकदा बी 'बहुधा' न्हाई!"

मी तिथेच पायरीवर बसलो. "मग ऑपरेशन का थांबवलंत?"

"भ्या वाटतंय, सर. डॉक्टर करा म्हनतोय, तो व्हिडिओतला नगं म्हनतोय. म्हटलं, खऱ्या सरांनी सांगितल्याबिगर न्हाई. पन फोनवर तर तुम्हीच का दुसरं कोन, कसं कळायचं? म्हनून वाट बघत हुतो." त्यांनी गुडघ्यावरून हात फिरवला. "आता सांगा. करू का?"

मी डॉक्टरांची फाईल मागवली. दोनदा वाचली. एक्स-रे उजेडाकडे धरून बघितला, तो मला कळत नाही तरी. सून दारात उभी होती. आप्पा माझ्या तोंडाकडे बघत होते.

"करा," मी म्हणालो. "उद्याच करा."

आप्पांनी खिशातून चष्मा काढला, डोळ्यांवर चढवला, माझा उजवा हात आपल्या हातात घेतला आणि अंगठ्यापासून मोजायला सुरुवात केली.